नववा रकाना

“आणि हा नववा रकाना कोणासाठी?” मॅडमनी विचारलं.

हेडक्लार्कनी चष्मा कपाळावर सरकवला. “वरून आदेश आहे.”

मॅडम आर्किटेक्ट होत्या. त्यामुळे पहिल्या दिवशी जो तो विचारी, इमारत कधी पाडणार? पण त्या माहिती-प्रणालीच्या आर्किटेक्ट; त्यांना इमारतीशी काही कर्तव्य नव्हतं. नगरपालिकेच्या कारभाराचाच नकाशा काढायचा होता. कुठली माहिती कुठून येते, कुठे जाते, कोण वापरतं. सभागृहाची अख्खी भिंत चौकटींनी आणि बाणांनी भरली होती. ज्या माहितीतून पुढे बाण निघत नाही, ती नव्या संगणकात घ्यायची नाही, असं मुख्याधिकाऱ्यांनी बजावलं होतं. काय घ्यायचं त्याची यादी शुक्रवारी त्यांच्याकडे जायची होती.

हेडक्लार्कांच्या वहीत अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या नोंदी होत्या. त्यांना नगरपालिकेकडून मिळणारं अर्थसाहाय्य चालू ठेवायचं तर दरवर्षी घरी जाऊन पडताळणी करावी लागे. नाव, पत्ता, आजार वगैरे आठ रकाने, आणि मग हा नववा: कितवा मजला, कुठली खोली, खाट कोणत्या भिंतीला. एकवीस वर्षं ते हे भरत होते.

“कोणी कधी मागितलं?”

“नाही बुवा. पण खाट हलवली असेल तर मी खोडून नवं लिहितो. लिहायचंच तर खरं लिहावं.”

रकाना काढून टाकणं एका रेघेचं काम होतं. पण मॅडमना चैन पडेना. अर्थसाहाय्य द्यायला खाटेची भिंत कशाला लागते? त्यांनी दोन दिवस जुन्या कागदांच्या खोलीत काढले. शिंका देत देत गठ्ठे सोडले. शेवटी तो आदेश सापडला. खाली बारीक अक्षरात संदर्भ होता: अग्निशमन केंद्राचे पत्र.

केंद्र पटांगणाच्या पलीकडेच होतं. केंद्रप्रमुख निवृत्तीला आले होते. पत्राचं नाव काढताच त्यांनी मॅडमना बसायला सांगितलं.

“मीच लिहिलं होतं. या केंद्रात नवा होतो तेव्हा. एका आगीत आम्ही पुढची खोली धुंडाळत राहिलो आणि आजोबा मागच्या खोलीत. म्हणून विचारलं होतं, ज्यांना उठता येत नाही ती माणसं घरात कुठे झोपतात. तीन स्मरणपत्रंही पाठवली. मग म्हटलं, असलं कोण लिहून ठेवणार? नाद सोडला.”

मॅडमनी परत येऊन हेडक्लार्कना भिंतीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी नकाशात आपल्या वहीची चौकट शोधली, मग अग्निशमन केंद्राची. दोन चौकटींमध्ये वीतभर अंतर होतं. मधे बाण नव्हता.

त्यांनी वही काखेत मारली आणि पटांगण ओलांडलं. मॅडम मागोमाग गेल्या.

केंद्रप्रमुख खुर्चीतून उठले. हेडक्लार्कनी वही त्यांच्यापुढे ठेवली.

“जरा उशीर झाला, साहेब,” ते म्हणाले. “तुमच्या पत्राचं उत्तर आणलंय.”