मुठीचं माप

“अगं, बोट आहे ते बाबांचं,” असं नीला म्हणेपर्यंत उशीर झाला होता. श्यामकांतच्या मधल्या बोटाने कट्‌ असा आवाज करून तिला उत्तर दिलं.

पट्टी बांधून तो ऑफिसात उरलेल्या बोटांनी टाइप करत राहिला. साहेबांना सांगितलं, दारात चेमटलं. दहा वर्षांच्या मुलीने मोडलं म्हटलं असतं, तर साहेबांनी मुलीला नव्हे, त्याला डॉक्टरकडे पाठवलं असतं.

मृणालिनीचे गुडघे सांधेवाताने धरले होते. रोज संध्याकाळी तिची आई नीला ते शेकायची, मग एकेक पाय दुमडून सरळ करायची. पलंग कुर्ल्याच्या भंगारबाजारातला, लोखंडी. गॅलरीच्या जाळीचा उरलेला हिरवा रंग श्यामकांतने त्याला दोन हात फासला होता. त्यावर पडून मृणालिनी क्रिकेटची कॉमेंट्री करायची आणि डाव्या हाताने बाबांचा हात दाबायची. दुखेल तेवढा दाबायचा, असा करार होता. उजवा हात भिंतीकडे, चादरीखाली. थंडी वाजते म्हणायची. मे महिन्यात, मुलुंडमध्ये.

बोटाची पट्टी सुटली आणि चमत्कार झाला. दाब कमी होऊ लागला. दिवाळीपर्यंत तर हातात चिमणी धरल्यासारखं वाटायचं. कॉमेंट्री मात्र तशीच खणखणीत.

श्रेय घ्यायला अर्धी इमारत हजर होती. नीलाचे मंगळवार होतेच. शेजारच्या जानकीकाकू बाटली नाचवत म्हणाल्या, “मी सांगलंय नाय तुका? माज्या तेलाचो गुण तो.” श्यामकांत पदवीधर असल्यामुळे त्याने श्रेय घाटकोपरच्या डॉक्टरांच्या गोळीला दिलं, आणि थोडं स्वतःला.

कुरबुर एकच. मृणालिनीच्या उजव्या हाताची नखं कापावीच लागत नव्हती, आपोआप तुटत होती. नीलाने नाचणी सुरू केली.

“गोळी गुणाची आहे, पण मुलांची वाढ खुंटवते,” डॉक्टर म्हणाले. “दुखणं खरंच उतरलं असेल तर सोमवारपासून अर्धी करू. नसेल, तर अर्ध्या गोळीवर तिचे हाल होतील. नीट सांगा. किती उतरलंय?”

श्यामकांतने टेबलावरून डॉक्टरांचा हात धरला. “आधी एवढं.”

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले.

“आणि आता एवढं.”

हात चोळत डॉक्टर मृणालिनीकडे वळले. “काय गं, खरं ना?”

तिने बाबांच्या मधल्या बोटाकडे पाहिलं. ते अजून जरा वाकडंच होतं.

“बाबांना विचारा,” ती म्हणाली. “हात त्यांचा आहे.”

डॉक्टर हसले आणि गोळी अर्धी झाली.

रविवारी श्यामकांतला हुरूप आला. पलंग खिडकीशी न्यायचा, म्हणजे पोरीला गल्लीतलं क्रिकेट दिसेल.

“राहू दे ना बाबा इथेच,” मृणालिनी म्हणाली. “मला भिंत आवडते.”

“भिंत कुणाला आवडते गं?”

“मला.”

“वेडी आहेस झालं.”

संध्याकाळी ती जानकीकाकूंकडे टीव्ही बघायला गेली. त्याने नीलाला हाक मारली. दोघांनी मिळून पलंग ओढला, गादी सरकवली, आणि श्यामकांत पुसायला फडकं घेऊन वाकला.

पलंगाच्या भिंतीकडच्या पाइपावरचा हिरवा रंग एका जागी उरलाच नव्हता. कडेला नखांचे ओरखडे होते, आणि मधलं लोखंड घासून घासून लख्ख झालं होतं, चार लहान बोटांएवढं.