विनोदाआधीचं हसू

ती रंगमंचावर गोष्टी सांगायची आणि तिचा नवरा समोर बसून नेमका विनोदाच्या आधीच हसायचा.

"अहो, सगळी मजा घालवता माझी!" ती करवादायची.

"मला पुढचं ठाऊक असतं ना!" तो म्हणायचा.

तो गेल्यानंतरचा हा पहिलाच कार्यक्रम होता. सभागृह भरलेलं होतं, पण कुणी हसेना.

तेवढ्यात समोरून ते ओळखीचं हसू आलं, विनोदाच्या आधीच. तिने विनोद सांगितला आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. तिच्या जिवात जीव आला. गोष्ट रंगतच गेली.

टाळ्या थांबेनात. तिने हसत हसत डोळे पुसले, आणि मग तिच्या लक्षात आलं.

ही गोष्ट तिला आज सकाळीच सुचली होती; ती अजून कुणीच ऐकलेली नव्हती.