मानेची पकड

लोर्नानं खोकं टेबलावर ठेवलं. "व्हर्नची शेवटची चाळीस काडतुसं. भरलेली घरात नकोत मला. उकलून टाक, हार्लन."

तिच्या नवऱ्याला, व्हर्नला पुरून नऊ दिवस झाले होते. त्याच्या गॅरेजमध्ये, घरी काडतुसं भरायच्या त्याच्याच यंत्रात हार्लननं पहिलं काडतूस बसवलं आणि दांडी ओढली. पितळी नळीच्या मानेतून गोळी अलगद निघून आली. दुसरी मात्र हटून बसली. तिसरी पुन्हा सैल.

हार्लनच्या कपाळाला आठी पडली. मान प्रत्येक गोळीला सारखंच धरते, तेव्हा कुठे हजार यार्डांवर पाच गोळ्या एका बशीत मावतात. चाळीस वर्षांपूर्वी त्याला हे शिकवलं ते व्हर्ननंच. आणि ह्याच व्हर्नच्या गोळ्या यंदा एक आभाळात, एक मातीत जायला लागल्या, म्हणून जूनमध्ये हार्लननं त्याला नेमबाजी क्लबच्या संघातून काढलं होतं. तेही फोनवर, दोन वाक्यांत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण हार्लनची जीभ कधी ताब्यात होती?

"बघ! एकीचा एकीला मेळ नाही. तरी मी त्याला म्हणत होतो, म्हाताऱ्या, हल्ली तू पाट्या टाकतोस!"

"त्या मी भरल्यात," लोर्ना म्हणाली.

हार्लनचा हात दांडीवर तसाच राहिला.

"एप्रिलपासून त्याच्या बोटांना काही कळेना. त्या आजारावरच्या औषधांनी. तो शेजारी बसायचा, मी दांडी दाबायची. दर वेळी विचारायचा, घट्ट गेली की सैल? मला मेलीला काय कळतंय? मी आपली म्हणायची, सारखीच आहे रे. इतका खूश व्हायचा!"

"अगं, पण मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तू संघातून काढलं असतंस." तिनं खोकं त्याच्यापुढे सरकवलं. "काढल्यावरही भरतच होतो आम्ही. ही चाळीस त्यानंतरचीच. म्हणायचा, हार्लनचा राग फार दिवस टिकत नाही, बोलावेल तो."

हार्लनला पुन्हा एक फोन करायला काही पैसे पडत नव्हते, की व्हर्नचं घर सात समुद्रांपलीकडे नव्हतं. दोन गल्ल्या टाकून तर तो राहत होता.

"हार्लन, खरं सांग. माझ्या हातामुळे गेला का रे तो संघातून?"

त्यानं चौथं काडतूस उचललं, यंत्रात बसवलं, पुन्हा काढलं.

"छे गं. वाऱ्यामुळे. आमच्या मैदानाच्या त्या खिंडीतला वारा कुणाचा सोयरा नाही."

लोर्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"तोही दर शनिवारी सामन्याहून येऊन हेच सांगायचा," ती म्हणाली. "असाच, माझ्याकडे न बघता."