बोळापुढची दुसरी सही

"पुन्हा सही? चाळीस वर्षं औषधं देतोय मी!" लिन डॉक्टरांनी चिठ्ठी काउंटरवर आपटली.

चीनमधल्या चेंगडूच्या त्या पारंपरिक औषधांच्या दवाखान्यात औषधं बांधायला मी होते. चिठ्ठीतलं औषध धोक्याचं वाटलं, तर त्यापुढे डॉक्टरांची दुसरी सही घ्यायची, हा तिथला नियम. डॉक्टरांनी स्वतःच्या लेकीच्या मुरगळलेल्या पायासाठी बोळ, म्हणजे हिराबोळ, लिहिला होता. झाडाच्या त्या वाळलेल्या चिकाने सूज उतरते. पण मी बोळाचा खण उघडला आणि वासासरशी काउंटरशी उभी असलेली ती लेक तोंड दाबून बाहेर पळाली, म्हणून मी दुसरी सही मागितली होती.

"आमच्या महाराष्ट्रात बोळ बाळंतिणीला देतात, पोटुशीला नाही," मी म्हटलं. "सही करा, नाहीतर आधी तिची नाडी बघा. तोवर मी पुडी बांधणार नाही."

"उद्यापासून येऊ नकोस!" ते कडाडले. मी खण बंद केला आणि तिथेच उभी राहिले.

लेक आत आली. तिने स्वतःच मनगट पुढे केलं. डॉक्टरांनी दोनदा नाडी पाहिली. मग चिठ्ठीवरचा बोळ खोडून त्यांनी शेजारी दुसरी सही केली.

"उद्या लवकर ये," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चांगला बोळ निवडून ठेवायचाय. बाळंतिणीला लागेल."