आप्पांचा कान

मी प्लग काढला तर तो पांढराफटक. म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवाच जास्त जात होती. या आठवड्यात परत आलेली ही चौथी मोटारसायकल. चारही आप्पांनीच ट्यून केलेल्या.

प्लग पुसून बसवला, किक मारली आणि मी स्क्रूड्रायव्हर उचलला. आप्पांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "तू प्लग बघ पोरी. आवाजाचं माझ्यावर सोड."

चाळीस वर्षं लोक त्यांच्या कानासाठीच आमच्या गॅरेजमध्ये येतात. त्यांनी डोळे मिटले, इंजिनापाशी कान नेला आणि स्क्रू हलके हलके फिरवला. मग समाधानाने हात पुसत मागे सरले.

गाडी दोनदा फटफटली आणि बंद पडली. गॅरेजभर शांतता पसरली.

आप्पांनी पुन्हा डोळे मिटले. "ऐक," मान डोलावत ते म्हणाले, "आता कशी एका सुरात चाललीय!"

गाडीचे मालक बेडकिहाळे सर काही बोलायला गेले. आप्पांच्या पाठीमागून मी त्यांना हात जोडले.