सिस्टर चूप

आयरिश सिस्टर विशीत बोटीने या देशात शिकवायला आल्या. इथल्या भाषेतला पहिला शब्द त्या शिकल्या तो ‘चूप’, आणि पुढे उभा जन्म त्यांचं बहुतेक त्या एकाच शब्दावर भागलं. मुलींनी त्यांचं नावच ‘सिस्टर चूप’ पाडलं.

आता त्या निवृत्त होत्या. बरोबरीच्या सिस्टर एकेक करून दफनभूमीत मुक्कामाला गेल्या होत्या. माहेरी विचारपूस करणारं कोणी उरलं नव्हतं. कॉन्व्हेंटच्या लांबलचक टेबलावर एकटीने जेवताना मीठ मागायचं तरी कोणाकडे? राहता राहिली पटांगणावरची खिडकी. मधल्या सुट्टीत त्या तिथे खुर्ची ओढून बसत.

नव्या हेडबाई त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी मुलींना दम भरला, “सिस्टर वर विश्रांती घेतात. खिडकीखाली कोणी तोंड उघडायचं नाही!” मुली चवड्यांवर चालू लागल्या. सिस्टरना वाटलं, झालं, आता आपले कानही गेले. त्यांनी हेडबाईंना तसं बोलूनही दाखवलं.

“छे हो, सिस्टर! मीच गप्प केलंय सगळ्यांना,” हेडबाई अभिमानाने म्हणाल्या. “तुमचीच शिकवण!”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सिस्टरनी लिमलेटच्या गोळ्यांची अख्खी बरणी खिडकीतून खाली उपडी केली.

पटांगणात एकच कल्ला उसळला. हेडबाई धापा टाकत वर आल्या. “माफ करा, सिस्टर, आत्ता गप्प करते त्यांना...”

सिस्टरनी डोळे मिटूनच ओठांवर बोट ठेवलं.

“चूप! ऐकू दे मला.”