पिवळी जर्सी

त्र्याण्णव साली कळंबोलीच्या एका लोखंडवाल्या शेठने पनवेलचा फुटबॉल क्लब विकत घेतला आणि पहिल्याच आठवड्यात गोलकीपरसकट सगळ्या पोरांच्या अंगावरची जांभळी जर्सी उतरवून आपल्या ट्रकांचा पिवळा रंग चढवला. जुन्या जर्सी गॅरेजात हात पुसायला होतील, म्हणाला. ज्याने तो क्लब उभा केला होता, त्या मनासेने त्या उचलल्या, घरी नेऊन धुतल्या आणि ओवे गावाच्या संघाला देऊन टाकल्या. ओव्याची पोरं तोवर बनियनवरच खेळायची.

फायनलला नेमकं ओवेच समोर आलं. जांभळा रंग मैदानात उतरला मात्र, सगळं पनवेल आपला संघ सोडून त्याच्याच बाजूने ओरडायला लागलं. शेठ खुर्चीत नुसता चुळबुळत राहिला. अगदी शेवटी ओव्याने गोल मारला, तेव्हा सगळ्यांच्या आधी मनासे उठून टाळ्या वाजवू लागला.

साराने नवऱ्याचा सदरा खाली ओढला. "अहो, बसा. गोलात डॅनी आहे, आपलाच पोरगा. रडतोय तो."

"बघितलं," मनासे टाळ्या न थांबवता म्हणाला. "पिवळं घातलंय त्याने."